कंपासचे वर्तुळ आणि गुन्हेगाराचे घर

वर्गातल्या मुलांना एकेक कोरा कागद द्या आणि घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा आठवणीने काढायला सांगा. मोजपट्टी नको, पुस्तकातला नकाशाही नको. कागद गोळा केले की एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. गाव एकच असले तरी कागदांवर तीस वेगवेगळी गावे उतरलेली असतात. रोजच्या वाटेवरची पिठाची गिरणी, अंगावर येणाऱ्या कुत्र्याचे घर, एस.टी.चा थांबा हे सगळे ठळक असते. नदीपलीकडची वस्ती मात्र कोणाच्या कागदावर नखाएवढी, तर कोणाच्या कागदावर मुळीच नसते. माणूस भूगोलाच्या पुस्तकातल्या गावात राहत नाही. तो स्वतःच्या डोक्यातल्या गावात राहतो आणि बहुतेक वेळा त्यातच फिरतो.

ही साधी गोष्ट हाताशी धरून एका ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आपली कारकीर्द उभी केली. प्रा. डेव्हिड कँटर हे त्यांचे नाव. इमारतींपासून सुरुवात करून ते आगींकडे आणि आगींकडून गुन्हेगारांकडे वळले. गुन्हा कुठे घडला, एवढ्यावरून गुन्हेगार कुठे राहत असेल आणि कसा असेल हे सांगता येते का, हा त्यांचा प्रश्न. असा प्रश्न ऐकला की आपल्याला शेरलॉक होम्स आठवतो आणि आपण माना डोलावू लागतो. या लेखात आम्ही तो मोह बाजूला ठेवून पाहणार आहोत. या कारकिर्दीतला कोणता भाग विज्ञान म्हणून टिकतो, कोणता नुसत्या गोष्टीच्या बळावर उभा आहे आणि हा फरक ओळखायचा कसा, हे आम्हांला तपासायचे आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांना ही तपासणी उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते, कारण ‘पटते’ आणि ‘सिद्ध होते’ यांत अंतर किती असते ते इथे फार स्वच्छ दिसते.

खोली, इमारत आणि आग

कँटर यांचा जन्म १९४४ मध्ये लिव्हरपूल शहरात झाला. तिथल्याच विद्यापीठातून १९६९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचा सुरुवातीचा विषय होता माणूस आणि वास्तू. कचेरीची खोली लहान असली की काय होते, मोठी असली की काय होते, वास्तुविशारदाला जे सुचते ते राहणाऱ्याला मानवते का, असे ते प्रश्न होते. या शाखेला पर्यावरण मानसशास्त्र म्हणतात. पर्यावरण म्हटले की आपल्याकडे झाडे आणि नद्या डोळ्यांपुढे येतात. इथे त्याचा अर्थ माणसाच्या भोवतीची खोली, जिना, गल्ली, शहर असा आहे.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात काही वर्षे काढून १९७२ मध्ये ते सरे विद्यापीठात आले. १९७७ मध्ये त्यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ प्लेस’ हे पुस्तक निघाले. जागा म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, असा त्याचा आशय आहे. त्या भिंती, तिथे माणसे करतात त्या गोष्टी आणि त्या जागेविषयी माणसांच्या मनात असलेली कल्पना, हे तिन्ही मिळून ‘जागा’ होते. शाळेची घंटा झाल्यावरचा वर्ग आणि सुट्टीतला रिकामा वर्ग या दोन वेगळ्या जागा आहेत, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

मग आला आगींचा अभ्यास. १९८० मध्ये त्यांनी ‘फायर्स अँड ह्यूमन बिहेविअर’ हा ग्रंथ संपादित केला. आग लागली की माणसे भान हरपून सैरावैरा धावतात आणि घबराटीने मरतात, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या माणसांच्या जबान्या बारकाईने वाचल्या. २ ऑगस्ट १९७३ रोजी आइल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागून ५० माणसे दगावली होती. त्या दुर्घटनेचा अभ्यास सरे विद्यापीठातल्याच जोनाथन साइम यांनी केला. तेव्हा दिसले की माणसे आंधळेपणाने जवळच्या दाराकडे धावली नव्हती. आईवडील मुलांना शोधत होते, कुटुंबे एकत्र राहू पाहत होती आणि बरेच जण ओळखीच्या दाराकडे वळले होते. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकातल्या आगीत ३१ जण गेले. इअन डोनाल्ड यांच्यासह कँटर यांनी त्या आगीचाही अभ्यास केला. तिथेही प्रवासी बराच वेळ आपल्या नेहमीच्या वाटेनेच चालत राहिल्याचे आढळले.

‘घबराट’ हा शब्द वापरला की दोष मेलेल्यांच्या माथी जातो. ‘ओळखीची वाट’ म्हटले की प्रश्न इमारत बांधणाऱ्याला आणि वेळेवर इशारा न देणाऱ्याला विचारावा लागतो. आपत्कालीन दार एरवी कुलूप लावून ठेवले तर ऐन वेळी तिकडे कोणी वळत नाही. हा निष्कर्ष प्रत्येक शाळेने भिंतीवर लिहून ठेवावा इतका मोलाचा आहे. आमच्या मते कँटर यांच्या परंपरेतले हे सर्वांत भक्कम काम आहे, आणि सर्वांत कमी गाजलेलेही हेच आहे.

रेल्वेच्या वाटेने

कीर्ती मिळाली ती दुसऱ्या कामामुळे. १९८२ पासून लंडनमध्ये आणि आसपास रेल्वे स्थानकांच्या परिसरात स्त्रियांवर हल्ले होत होते. काही हल्ल्यांत दोन पुरुष असत, काहींत एकच. डिसेंबर १९८५ ते मे १९८६ या काळात तीन खून झाले. पोलिसांकडे रक्तगटाच्या आधारे गाळलेली सुमारे दोन हजार संशयितांची यादी होती. यादी आहे पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, अशी ही अडचण होती.

पोलिसांनी कँटर यांची मदत घेतली. त्यांनी घटनांची ठिकाणे आणि तारखा नकाशावर मांडल्या. त्यांचा तर्क असा होता : हा माणूसही तुमच्याआमच्यासारखाच डोक्यातल्या नकाशाने फिरतो. सुरुवातीचे गुन्हे त्याने फारशी आखणी न करता ओळखीच्या भागात केले असतील. पुढे धीट आणि सावध झाल्यावर तो लांब गेला असेल. तेव्हा सुरुवातीची ठिकाणे जिथे दाटली आहेत त्या किलबर्न-क्रिकलवूड भागात तो राहत असावा. त्याला रेल्वेची चांगली माहिती असावी. याखेरीज वय, काम, संसारातले ताण यांविषयीही काही अंदाज त्यांनी दिले.

नोव्हेंबर १९८६ मध्ये जॉन डफी नावाच्या इसमाला अटक झाली. तो किलबर्नमध्ये राहत होता आणि त्याने रेल्वेत सुतारकाम केले होते. यादीत त्याचे नाव आधीपासून होते, पण बरेच खाली. कँटर यांच्या अंदाजांशी ताडून पाहिल्यावर ते वर आले. १९८८ मध्ये त्याला दोन खुनांसाठी आणि बलात्कारांसाठी जन्मठेप झाली. कँटर यांच्या १७ अंदाजांपैकी १३ बरोबर निघाले, असे तेव्हापासून सांगितले जाते. एका रात्रीत ‘गुन्हेगाराचे व्यक्तिचित्र’ हा शब्दप्रयोग ब्रिटनमध्ये घरोघरी पोचला. १९९४ मध्ये कँटर यांचे ‘क्रिमिनल शॅडोज’ हे पुस्तक आले आणि त्याला गुन्हेविषयक ललितेतर लेखनाचा ‘गोल्ड डॅगर’ पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते लिव्हरपूल विद्यापीठात गेले आणि ‘तपासविषयक मानसशास्त्र’ अशी नवी शाखाच त्यांनी तिथे रुजवली. पुढे २००९ मध्ये ते हडर्सफील्ड विद्यापीठात गेले.

तेरा बरोबर म्हणजे किती बरोबर ?

१७ पैकी १३ म्हणजे ७६ टक्के. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण पाठ थोपटतो. पण अंदाजांची परीक्षा अशी तपासता येत नाही.

एक हिशोब करून पाहू. समजा शंभर संशयित आहेत. ‘तो उजव्या हाताने काम करतो’ असे आपण म्हटले आणि ते खरे निघाले. शंभरांतले नव्वद जण तसेच असतील, तर आपल्या बरोबर उत्तराने फक्त दहा जण वगळले गेले. एकमेकांशी संबंध नसलेले असे दहा अंदाज केले आणि दहाही बरोबर आले तरी ०.९ चा दहावा घात म्हणजे सुमारे ०.३५, म्हणजे ३५ जण उरतातच. उलट ‘तो अमुक पेठेत राहतो’ असे म्हटले आणि शंभरांतले दोनच जण त्या पेठेतले असले, तर एकाच अंदाजाने ९८ जण वगळले गेले. पहिल्या प्रकारात दहापैकी दहा गुण, दुसऱ्यात एकच; पण वजन दुसऱ्याचे जास्त. अंदाजाची किंमत तो किती जणांना वगळतो यावर ठरते. त्या दृष्टीने पाहिले तर कँटर यांच्या तेरा उत्तरांमध्ये खरे वजन राहण्याच्या भागाचे आणि रेल्वेच्या माहितीचे आहे.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. उत्तर कळल्यानंतर मोघम वाक्यही नेमके वाटू लागते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावचाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘त्याचे’ स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर कळले की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो भविष्याच्या एका पुस्तकावरून जुळवलेला होता. शिक्षकांच्या शिबिरांत आम्हीही हा प्रयोग करतो. ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता पण आत हळवे आहात’ हे वाक्य आले की खोलीतल्या बहुतेक माना हलतात.

पोलिसांचे काय होत असेल ? लिव्हरपूललाच काम करणारे लॉरेन्स अ‍ॅलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच तपासून पाहिले. त्यांनी पोलीस अधिकारी आणि न्यायवैद्यक क्षेत्रातले जाणकार अशा दोन्ही गटांना एका खऱ्या प्रकरणातले व्यक्तिचित्र वाचायला दिले. मग निम्म्या लोकांना खऱ्या गुन्हेगाराचे वर्णन दिले, तर उरलेल्या निम्म्यांना पूर्णपणे बनावट, वेगळ्याच माणसाचे. दोन्हीकडे निम्म्याहून अधिक लोकांना व्यक्तिचित्र चांगलेच जुळते असे वाटले. जो नव्हताच त्याच्याशीही ते जुळले !

आपल्याकडच्या वाचकांना इथे आणखी एक प्रयोग आठवेल. प्रा. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ज्योतिषांनी सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. छापाकाटा केला असता तर ५० च्या आसपास आले असते. या प्रयोगाचे मोल ४६ या आकड्याइतकेच आधी ठरवलेल्या अटींत आहे. काय आले म्हणजे बरोबर आणि काय आले म्हणजे चूक, हे उत्तर पाहण्याआधी नक्की केलेले होते. १७ पैकी १३ या हिशोबाला ही शिस्त नाही.

आणि त्या गाजलेल्या यशाची गोष्टही १९८८ मध्ये पूर्ण झालेली नव्हती. दोन हल्लेखोरांपैकी एकच तुरुंगात गेला होता. दुसरा, डेव्हिड मल्काही, याला शिक्षा झाली ती फेब्रुवारी २००१ मध्ये, डफीने तुरुंगात दिलेल्या कबुलीमुळे आणि डी.एन.ए.च्या पुराव्यामुळे. तो त्याआधी सुमारे बारा वर्षे समाजात मोकळा होता. याचा दोष आम्ही कँटर यांना देत नाही. परंतु एका प्रकरणाच्या यशावर एखादी शाखा उभी करताना ते यश अर्धेच होते, हेही सांगितले पाहिजे.

वर्तुळाचे गृहीतक

एका प्रकरणाने काही सिद्ध होत नाही, हे कँटर यांनाही कळत होते. त्यांचा आम्हांला आदर वाटतो तो इथे. त्यांनी आपला तर्क अशा रूपात मांडला की तो खोटा ठरू शकेल.

या वाटेवर ते पहिले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. उत्तर इंग्लंडमध्ये अनेक स्त्रियांचे खून करणाऱ्याचा तपास चालू असताना, डिसेंबर १९८० मध्ये, स्टुअर्ट काइंड या न्यायवैज्ञानिकाने हल्ल्यांच्या ठिकाणांचा गुरुत्वमध्य काढून गुन्हेगार ब्रॅडफर्डच्या परिसरात राहतो असे सुचवले होते. एका खोडसाळ ध्वनिफितीतल्या बोलीवरून पोलीस तोवर भलत्याच भागात लक्ष घालत बसले होते. पुढच्याच महिन्यात पीटर सटक्लिफ पकडला गेला. तो ब्रॅडफर्डचाच निघाला. कॅनडात पॅट्रिशिया आणि पॉल ब्रँटिंगहॅम या दांपत्यानेही १९८१ मध्ये माणसाच्या रोजच्या वाटा आणि गुन्ह्याची ठिकाणे यांचा संबंध मांडला होता.

१९९३ मध्ये कँटर आणि पॉल लार्किन यांनी वर्तुळाचे गृहीतक मांडले. ते आठवीच्या मुलालाही समजेल. एकाच माणसाने केलेले सगळे गुन्हे नकाशावर बिंदूंनी दाखवा. सर्वांत दूरचे दोन बिंदू निवडा. त्यांना जोडणारा रेषाखंड हा व्यास धरून कंपासने वर्तुळ काढा. गृहीतक म्हणते की उरलेले गुन्हेही या वर्तुळात येतील आणि गुन्हेगाराचे घरही. त्यांनी ४५ गुन्हेगारांचे २५१ गुन्हे तपासले. ४१ जणांचे सगळे गुन्हे वर्तुळात आले. ३९ जणांचे, म्हणजे ८७ टक्के गुन्हेगारांचे, घरही वर्तुळात निघाले.

आता शंका घेऊ. पहिली शंका वर्तुळाच्या आकाराची. व्यास २ किलोमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस किलोमीटर भरते. व्यास २० किलोमीटर झाला तर तेच ३१४ होते. व्यास दहापट वाढला की क्षेत्रफळ शंभरपट वाढते. एवढ्या वर्तुळात अख्खे शहर मावेल. ‘गुन्हेगार शहरातच राहतो’ या उत्तराचा हवालदाराला काय उपयोग ?

दुसरी शंका नमुन्याची. हे ४५ जण कोण होते ? पकडले गेलेले. जे सापडले नाहीत त्यांची घरे नकाशावर दाखवता येत नाहीत. घराजवळ गुन्हे करणारा लवकर ओळखला जातो आणि लांब जाणारा निसटतो असे असेल, तर पकडलेल्यांत जवळचेच जास्त भरणार. मासेमारीच्या जाळ्याची भोके जेवढी, त्याहून लहान मासा जाळ्यात येत नाही. म्हणून समुद्रात लहान मासे नाहीतच, असे कोणी म्हणत नाही.

तिसरी शंका सर्वसाधारणतेची. ऑस्ट्रेलियात रिचर्ड कोक्सिस आणि हार्वे अर्विन यांनी १९९७ मध्ये हाच नियम तिथल्या गुन्हेगारांवर लावून पाहिला. जाळपोळ करणाऱ्यांत तो बराच लागू पडला, घरफोडी करणाऱ्यांत मात्र जेमतेम निम्म्यांनाच. घरफोड्या माल जिथे आहे तिथे जातो, हे आपल्याला नुसत्या विचारानेही कळले असते.

चौथी शंका युक्तिवादाची आहे. वर्तुळातले गुन्हेगार आणि दुसऱ्या भागात जाऊन गुन्हे करणारे असे दोन प्रकार कँटर यांनी कल्पिले. कल्पना वाजवी आहे. पण एखाद्याचे घर वर्तुळाबाहेर निघाल्यावर ‘तो दुसऱ्या प्रकारातला होता’ असे म्हटले, तर गृहीतक कधीच हरणार नाही. माणूस पकडण्याआधी त्याचा प्रकार सांगता आला तरच या वर्गीकरणाला अर्थ आहे.

एवढ्या शंका घेता आल्या त्या गृहीतक स्पष्ट होते म्हणूनच, हेही आम्ही विसरत नाही. ‘गुन्हेगार अंतर्मुख आहे’ या वाक्यावर एकही अशी शंका घेता येत नाही. वर्तुळ चुकले तर चुकले असे दिसते.

स्वतःच्याच यंत्राची परीक्षा

कँटर यांच्या गटाने पुढे ‘ड्रॅगनेट’ नावाची संगणक आज्ञावली तयार केली. गुन्ह्यांची ठिकाणे दिली की घर कुठे असण्याची शक्यता किती, याचा नकाशा ती काढून देते. २००२ मध्ये ब्रेंट स्नूक, कँटर आणि क्रेग बेनेल यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना दहा गुन्हेगारांचे नकाशे देऊन प्रत्येकाच्या घराचा अंदाज करायला सांगितले. मग काही जणांना एक साधा नियम सांगितला. नियम दोन होते : बहुतेक गुन्हेगार घराजवळच गुन्हे करतात, किंवा वर्तुळाचा तो नियम. यांपैकी एखादा नियम ऐकल्यावर विद्यार्थ्यांचे अंदाज संगणकाच्या तोडीचे आले.

हा निबंध आम्हांला या साऱ्या कारकिर्दीत फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या गटाने बनवलेले यंत्र एका वाक्यापेक्षा फारसे अधिक काही करत नाही, असे सांगणाऱ्या निबंधावर कँटर यांनी आपले नाव घातले. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने लोकप्रिय केलेल्या ‘संघटित’ आणि ‘असंघटित’ खुनी या वर्गीकरणाचीही त्यांनी सहकाऱ्यांसह परीक्षा घेतली. एफ.बी.आय.चा त्यामागचा अभ्यास ३६ खुन्यांच्या मुलाखतींवर उभा होता. कँटर यांच्या गटाने शंभर साखळी खुन्यांचे गुन्हे तपासले. तेव्हा असे दोन स्वच्छ गट दिसलेच नाहीत. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी डोक्यावर घेतलेल्या वर्गीकरणाला हा मोठाच धक्का होता.

पण हाच शास्त्रज्ञ सामान्य वाचकांसाठी लिहायला बसला की हात सैल सोडतो, अशी आमची तक्रार आहे. २००३ मध्ये निघालेल्या ‘मॅपिंग मर्डर’ या पुस्तकात ते १८८८ च्या लंडनमधल्या ‘जॅक द रिपर’कडे वळतात आणि १९९२ मध्ये उजेडात आलेल्या, लिव्हरपूलच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या नावावरील रोजनिशीकडे गांभीर्याने पाहतात. ती रोजनिशी बनावट असल्याची कबुली ती बाहेर आणणाऱ्यानेच १९९५ मध्ये प्रतिज्ञापत्रावर दिली होती आणि तिच्याविषयी जाणकारांना शंका होत्याच. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या प्रकरणात कोणताही अंदाज केला तरी तो चूक ठरण्याची भीती नाही. जिथे हरण्याची भीती नाही तिथे जिंकण्यालाही अर्थ उरत नाही. ‘क्रिमिनल शॅडोज’चेही तसेच. पुस्तक वाचनीय आहे, पण वाचकाच्या लक्षात राहते ते डफीचे प्रकरण. जी प्रकरणे जुळली नाहीत त्यांचा ताळेबंद राहत नाही. आणि तो ताळेबंद काय सांगतो ? १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या १८४ प्रकरणांची पाहणी गॅरी कॉप्सन यांनी केली. व्यक्तिचित्रामुळे गुन्हेगाराची ओळख पटली असे तपास अधिकाऱ्यांनी म्हटले ते फक्त पाच प्रकरणांत. सल्ला उपयोगी वाटला असे सांगणारे मात्र पुष्कळ होते. उपयोगी वाटणे आणि उपयोगी असणे यांतले अंतर पुन्हा एकदा समोर येते.

चुकीची किंमत

हा सगळा वाद विद्यापीठांपुरता नाही. जुलै १९९२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन मैदानात एका तरुण आईचा तिच्या लहान मुलासमोर खून झाला. पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाकडून व्यक्तिचित्र करून घेतले. (ते कँटर नव्हेत, हे स्पष्ट करायला हवे.) परिसरातला एक एकटा राहणारा माणूस त्यात बसतो असे पोलिसांना वाटले. वेश पालटलेल्या एका महिला अधिकाऱ्याने महिनोन्‌महिने त्याच्याशी सलगी केली आणि त्याच्याकडून कबुली काढण्याचा प्रयत्न केला. कबुली मिळाली नाही, तरी त्याला अटक झाली आणि वर्षाहून अधिक काळ तो कोठडीत होता. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा पुरावा अग्राह्य ठरवला आणि खटला कोसळला. पण संशय त्याला पुढे चौदा वर्षे चिकटून राहिला. डिसेंबर २००८ मध्ये खरा अपराधी रॉबर्ट नॅपर याने गुन्हा कबूल केला. तो १९९२ नंतर मोकळा होता आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये, दुसराच माणूस कोठडीत असताना, त्याने आणखी एका आईचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा जीव घेतला होता.

अंदाज कशासाठी वापरायचा, हा इथला कळीचा प्रश्न आहे. दोन हजारांच्या यादीत आधी कोणाचे दार ठोठवावे हे ठरवायला अंदाज वापरला आणि तो चुकला, तर थोडा वेळ वाया जातो. तोच अंदाज माणसाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला आणि तो चुकला, तर एक निरपराधी आत जातो आणि अपराधी बाहेर राहतो. डफीच्या प्रकरणात अंदाज पहिल्या कामासाठी वापरला गेला होता, विम्बल्डनच्या प्रकरणात दुसऱ्या. पहिल्या वापराच्या यशाने दुसऱ्या वापराला अवाजवी प्रतिष्ठा मिळाली, हे या साऱ्या चळवळीचे अपयश आहे. कँटर यांनी अंतःप्रेरणेवर चालणाऱ्या व्यक्तिचित्रांवर पुढे बरीच टीका केली. पण त्या व्यक्तिचित्रांना ब्रिटनमध्ये पत मिळाली ती त्यांच्याच गाजलेल्या यशामुळे, याची नोंद घेतल्याशिवाय त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन पुरे होत नाही.

आमचा निकाल असा. आगींतल्या माणसांविषयीचे काम टिकाऊ आहे. माणसे, गुन्हेगारसुद्धा, ओळखीच्या वाटांनी फिरतात, हे तत्त्व टिकाऊ आहे. वर्तुळाचा नियम हा एक उपयोगी, पण मर्यादित अंगठ्याचा ठोकताळा आहे आणि यंत्राने त्याला फारशी धार येत नाही. गुन्ह्यावरून स्वभाव वाचण्याचा दावा मात्र अजून सिद्ध व्हायचा आहे.

शेवटी वर्गाकडे वळू. गुन्ह्यांचा विषय मुलांपुढे काढण्याची गरज नाही. प्रत्येक मुलाने आपल्या घरातले माणूस आठवड्यात जिथे जाते अशी पाच ठिकाणे, दुकान, देऊळ, दवाखाना, बाजार, गिरणी, गावाच्या नकाशावर खुणावावीत आणि घर कुठे आहे ते पाकिटात बंद करून ठेवावे. दुसऱ्या मुलाने कंपासने वर्तुळ काढावे, क्षेत्रफळ काढावे आणि घराचा अंदाज पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहावा. मगच पाकीट उघडावे. किती घरे वर्तुळात आली, वर्तुळे किती मोठी होती, बाजाराच्या गावी जाणाऱ्यांचे काय झाले, हे सगळे फळ्यावर मांडावे. चुकलेले अंदाज पुसू देऊ नयेत. तेही बरोबर आलेल्यांच्या शेजारीच लिहावेत.